पायांचा मंगळवार

दीक्षा खिल्लारे आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. बुकित बातोकच्या त्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, आमचं दहाव्या मजल्यावर आणि त्यांचं अकराव्या. तिचे वडील रावसाहेब परभणीकडचे, जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. आई सरिता माझी मैत्रीण. दीक्षा सहा वर्षांची असताना ही मंडळी सिंगापूरला आली आणि पहिल्याच आठवड्यात ती मला मावशी म्हणायला लागली. पुढची हकीकत तिने मला एका बैठकीत सांगितलेली नाही. कधी माझ्या स्वयंपाकघरात, कधी लिफ्टची वाट बघताना, तुकड्यातुकड्याने सांगितलं. थोडं मी स्वतः पाहिलं, थोडं सरिताकडून कळलं.

मुलगी अबोल आणि डावखुरी. दुसरीत असताना तिचं अक्षर बाईंना लागेना, म्हणून शाळेने तिला नोव्हेनाच्या एका इस्पितळात पाठवलं. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी सहा महिने तिला माती मळायला लावली, कपड्यांचे चिमटे उघडमीट करायला लावले, आणि अक्षर सुधारलं. मोठेपणी तिने तेच शिकायचं ठरवलं. ऑक्युपेशनल थेरपी. आजाराने, अपघाताने किंवा वयाने ज्याच्या हातून रोजची कामं सुटली, त्याला ती पुन्हा करता यावीत म्हणून मदत करायची. शर्टाचं बटण लावणं, भात शिजवणं, बसमध्ये चढणं.

"बटण लावायला शिकवायचा डिप्लोमा?" रावसाहेब म्हणाले होते. पण फी त्यांनीच भरली आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही.

२००५ साली ती तिसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी विद्यार्थ्यांना जोडीजोडीने एका वस्तीत पाठवायचे. अट अशी, की तिथे आधी कुणी थेरपिस्ट नसावा. वस्तीतल्या लोकांना काय हवंय ते ओळखायचं, त्यांच्यासाठी एक कार्यक्रम आखायचा आणि बारा आठवडे तो चालवून दाखवायचा. दीक्षाच्या जोडीला शिऊ लिंग नावाची मुलगी होती. आजीने वाढवल्यामुळे शिऊ लिंगला कँटोनीज उत्तम यायची, आणि ते पुढे फार उपयोगी पडलं.

दोघींना मिळालं ते ज्येष्ठांचं केंद्र एका जुन्या भाड्याच्या ब्लॉकखाली होतं. वर सगळी एकेका खोलीची घरं आणि बहुतेकांत एकेकटी म्हातारी माणसं. खाली खांबांमधली मोकळी जागा जाळीने बंद करून त्यात खुर्च्या, टीव्ही आणि चहाचं मशीन ठेवलेलं. केंद्र चालवायचे मिस्टर चंद्रशेखर. तमिळ गृहस्थ, निवृत्त शाळामास्तर, पंचावन्न-छप्पन्नचे, भांग चोख, चौदा मजले जिन्याने चढणारे.

पहिल्या दिवशी दीक्षाने खुर्च्या मोजल्या. एकोणतीस. माणसं बावीस. तरीही काही म्हातारे भिंतीला टेकून उभे होते. कोपऱ्यातल्या खांबापाशी एक लहानखुरी बाई बसली होती, केस पूर्ण पांढरे, निळा सदरा, हात मांडीवर पालथे ठेवलेले. तिच्या डाव्या-उजव्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि पुढची अख्खी रांगही.

"ती योक पो," चंद्रशेखर म्हणाले. "एक्क्याऐंशी वर्षांची. कशात भाग घेत नाही. तिला राहू द्या."

मुलींनी पहिला कार्यक्रम आखला तो पुस्तकातून. खुर्चीवर बसून व्यायाम, स्मरणशक्तीचे खेळ, घरात पडू नये म्हणून सूचना. त्यांच्या लेक्चरर बाईंनी तो वाचला आणि परत दिला. "हे कुठल्याही केंद्रात चालेल," त्या म्हणाल्या. "म्हणजे या केंद्रासाठी ते नाही. तुम्ही या माणसांना काही विचारलंत का?"

मग दोघी वही घेऊन एकेकाजवळ बसल्या आणि एकच प्रश्न विचारत गेल्या: तुमच्या हातांनी जन्मभर काय केलं? कुणी रबराच्या झाडाचा चीक काढला होता, कुणी इमारतींवर विटा वाहिल्या होत्या, कुणी फुटपाथवर खुर्ची टाकून केस कापले होते. यातून नवा कार्यक्रम निघाला. दर मंगळवारी दुपारी एकाने आपलं काम बाकीच्यांना दाखवायचं. हात हलतील, बोलणं होईल, आणि ज्याला कुणी विचारत नाही तो तासभर गुरुजी होईल. बाईंना हे आवडलं.

योक पोलाही विचारलं. तिने दीक्षाच्या चपलांकडे पाहिलं, एवढंच.

पहिला मंगळवार आह् होक या न्हाव्याचा. अठ्ठ्याहत्तरचा, गमत्या माणूस. त्याने शिऊ लिंगची बट कापून दाखवली, सगळे हसले. तेवढ्यात योक पो उठली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, कारण दोन वर्षांत ती चहाशिवाय कशासाठीही उठली नव्हती. ती आह् होकसमोर गुडघ्यांवर बसली, त्याचा पाय चपलेतून काढून मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. मग अंगठा उचलून तिने त्या जागेकडे पाहिलं. वर सरकून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, वाफाळत्या भांड्यावर वाकावं तसं. शेवटी खिशातून पांढरा दोरा काढला, पावलाची लांबी मोजली, गाठ मारली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"म्हातारीला माझ्याशी लग्न करायचंय," आह् होक म्हणाला. कुणी हसलं नाही.

ती दुपारभर वर्तमानपत्राच्या घड्या घालत होती. केंद्र बंद व्हायच्या वेळी तिने आह् होकच्या खुर्चीखाली कागदाचे जोडे नेऊन ठेवले. बोटांनी दाबून बसवलेले, टाचेला दुमड, तळाला तीन पदर. दीक्षाने ते हातात घेऊन पाहिले. ती म्हणते की इतकं स्वच्छ हातकाम तिने तोवर पाहिलं नव्हतं, आणि तिला आधी आनंदच झाला. कार्यक्रम चालायला लागला असं तिला वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना आह् होकचा दरवाजा आतून बंद मिळाला. तो झोपेतच गेला होता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस होता. दीक्षाने तेच स्वतःला सांगितलं. चौथ्या मंगळवारी योक पो पुन्हा उठली आणि या वेळी टिओ नावाच्या जाड्या, बडबड्या बाईच्या पायाशी बसली. अंगठा, श्वास, दोरा. संध्याकाळी खुर्चीखाली जोडे दिसताच टिओबाईने ते पायाने उडवले, शिव्या दिल्या आणि रडत लिफ्टकडे गेली. बारा दिवसांनी तीही वारली.

पुढच्या मंगळवारी दोघी मुली केंद्रात शिरल्या तेव्हा टीव्ही बंद होता. सहा माणसं आली होती. सहाही जण पाय वर घेऊन, खुर्चीत मांडी घालून बसले होते. आपापल्या चपला त्यांनी उराशी धरल्या होत्या. कोपऱ्यातल्या खांबापाशी योक पो हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती, आणि फक्त तिचेच पाय जमिनीवर होते.

"मावशी, भरदुपार होती," दीक्षा मला म्हणाली. "बाहेर मुलं सायकल चालवत होती. आणि मला वाटलं की आपण आत्ता इथून पळावं."

चंद्रशेखरांनी दोघींना आपल्या टेबलापाशी बोलावलं. "मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही," ते म्हणाले. "पण माझ्याकडे बावीस माणसं यायची, आता सहा येतात. पुढच्या आठवड्यापासून तिला खाली येऊ देणार नाही."

"सर, एक आठवडा द्या," दीक्षा म्हणाली. "आम्ही तिला हातांनी काय केलं ते विचारलं होतं. तिने सांगितलं. आम्हाला ते वाचता आलं नाही." चंद्रशेखरांनी एक आठवडा दिला.

"तू वेडी आहेस ला," बाहेर आल्यावर शिऊ लिंग वाक्याला सिंगापुरी 'ला' जोडत म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने आजीला फोन लावला. आजीने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ती बाई सागो लेनची आहे का.

चायनाटाऊनच्या या गल्लीत पूर्वी मरणाची घरं होती. ज्या मजुरांना घरदार नव्हतं, किंवा ज्यांच्या घरात मरायला जागा नव्हती, ती माणसं शेवटच्या दिवसांत तिथे येऊन पडायची. वर खाटा, खाली शवपेट्या आणि अंत्यविधीचं सामान. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ती बंद केली. लोक मात्र त्या गल्लीला मेलेल्यांची गल्ली म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दोघी योक पोच्या खोलीवर गेल्या. खाट, टेबल, देवाच्या फळीवर दोन संत्री. जमीन इतकी स्वच्छ की दीक्षाला पाऊल टाकायला संकोच वाटला. दार लोटल्यावर मागे खिळ्याला दोऱ्यांचा एक जुडगा लटकलेला दिसला. जुने, पिवळे पडलेले, काही अगदी नवे, शेकडो दोरे, प्रत्येकाला एक गाठ. शिऊ लिंगने सहज हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मापं आहेत," योक पो म्हणाली. "माप फेकलं तर माणूस वाटेत अडतो."

ती बोलायला लागली ती जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. शिऊ लिंग वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत गेली. नऊ वर्षांची असताना मामाने तिला सागो लेनच्या एका घरात कामाला दिलं होतं. तिचं काम नजर ठेवायचं. सकाळ-दुपार खाटांमधून फिरायचं आणि पुढे कोण जाणार ते मालकिणीला वेळेत सांगायचं, म्हणजे कपडे आणि जोडे तयार ठेवता येत. तिचं चुकलं तर माणूस अनवाणी जायचा. पहिल्या वर्षी ती चारदा चुकली. नंतर चुकली नाही.

"कसं ओळखायचात?" दीक्षाने विचारलं.

"आधी पाय सांगतात. दाबलं की खळगा पडतो आणि भरून येत नाही. मग श्वास सांगतो. त्याला वास येतो, गोड, कुजक्या फळासारखा. मग तिसरं."

"तिसरं काय?"

शिऊ लिंगने प्रश्न पुढे केला. योक पोने दारामागच्या दोऱ्यांकडे पाहिलं. "त्याला नाव नाही," ती म्हणाली.

दीक्षा शिकाऊ असली तरी तिने इस्पितळात दोनदा काम केलं होतं. दाबल्यावर खळगा राहणारी सूज म्हणजे हृदय किंवा मूत्रपिंड थकलेलं असू शकतं. श्वासाला गोड वास म्हणजे साखर वाढलेली असू शकते. समोरची म्हातारी जे सांगत होती त्यातलं अर्धं तिच्या पुस्तकात होतं. तिला एकदम मोकळं वाटलं, आणि थोडा रागही आला.

"मग आधी सांगत का नाही?" ती म्हणाली. "जोडे कशाला? त्या दोघांना डॉक्टरकडे नेता आलं असतं."

हे ऐकून योक पोचा चेहरा बदलला. तिने शिऊ लिंगला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सागो लेनला डॉक्टर नव्हता. आधी कळल्याचा काही उपयोग असतो हे मला कुणी सांगितलंच नाही."

दीक्षाने दोन दिवसांत कार्यक्रम बदलला. आता मंगळवारी पायांचा दिवस. प्लास्टिकच्या टबांत कोमट पाणी, टॉवेल, नखं कापायची सोय, आणि शेजारी रक्तदाब आणि साखर तपासायला एक निवृत्त नर्स. योक पोने प्रत्येकाचे पाय धुवायचे आणि दाबून बघायचे. जिथे तिचा हात थांबेल, त्या माणसाला नर्सने पॉलिक्लिनिकला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पाठवायचं. योक पोसाठी एकच अट होती, जोडे करायचे नाहीत. तिने ती मान हलवून मान्य केली.

नव्या कार्यक्रमाच्या पहिल्या मंगळवारी ते सहा जण आले आणि पाय वर घेऊन बसले. तेव्हा दीक्षाने स्वतः चपला काढल्या आणि टबात पाय घातले. सगळे बघत होते. योक पोने तिचा पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला, आणि थांबली. दीक्षा सांगते की तेवढ्या वेळात तिला टबातल्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता, पाणी हलत नसताना. मग म्हातारीने तिच्या नडगीवर चापट मारली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, ही राहील," शिऊ लिंगने मोठ्याने सांगितलं. कुणीतरी हसलं. हळूहळू एकेक पाय खाली आला.

दोन आठवड्यांत सतरा माणसं यायला लागली, मग पंचवीस. एका माजी बसचालकाच्या घोट्यावर योक पोचा हात थांबला. पॉलिक्लिनिकने त्याला त्याच दिवशी इस्पितळात पाठवलं, छातीत पाणी साठत होतं. तो औषधांवर घरी परतला. एका बाईच्या टाचेखाली तिला स्वतःलाही न कळलेली जखम सापडली आणि पाय वाचला. लेक्चरर बाई बघून गेल्या आणि दोघींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, हे लिहून काढा, नीट लिहा. योक पोच्या शेजारच्या खुर्च्यांवर आता माणसं बसत होती.

दहाव्या मंगळवारी चंद्रशेखर गमतीने पुढे आले. "माझेही बघा," म्हणत त्यांनी पँट दुमडली आणि टबात पाय घातला. योक पोने दाबलं. खळगा पडला नाही. तिने श्वास हुंगला आणि मागे झाली. पुन्हा पाय धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"काय म्हणते?" चंद्रशेखरांनी विचारलं.

शिऊ लिंगने दीक्षाकडे पाहिलं. "ती म्हणते, सूज नाही, श्वास साफ आहे," ती इंग्रजीत म्हणाली. पुढचं तिने दीक्षाला चहाच्या मशीनपाशी नेऊन सांगितलं. "म्हणते, तिसरं आहे."

दीक्षाने चंद्रशेखरांना तपासणी करून घ्यायला लावलं. कार्यक्रमाच्या नोंदीसाठी हवंय असं काहीतरी कारण सांगितलं. माणूस शिस्तीचा, त्यांनी नोव्हेनाला जाऊन दोन दिवसांत सगळ्या तपासण्या केल्या. हृदय, रक्त, मूत्रपिंड, सगळं उत्तम. रिपोर्ट घेऊन ते केंद्रात आले आणि खुर्च्यांमधून फिरून सगळ्यांना दाखवत राहिले. "एकदा तरी म्हातारी चुकली," ते म्हणाले. योक पो त्यांच्याकडे बघत होती. ते पाहणं रागाचं नव्हतं. दीक्षा म्हणते, आई शाळेत जाणाऱ्या मुलाकडे बघते तसं होतं.

पुढच्या मंगळवारी दीक्षा सर्वांत आधी पोचली. चंद्रशेखरांच्या टेबलाखाली कागदी चपला होत्या. ते घालायचे तशा, अंगठ्याच्या पट्ट्यासकट.

तिने त्या उचलल्या, पिशवीत टाकल्या आणि घरी नेऊन कपाटात तळाशी ठेवल्या. योक पोला विचारलं नाही, शिऊ लिंगला सांगितलं नाही. "मला वाटलं त्यांना दिसल्या नाहीत तर होणार नाही," ती मला म्हणाली. "मावशी, मी तीन वर्षं शास्त्र शिकले होते."

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर चंद्रशेखर घरी खुर्चीत पेपर वाचत बसले आणि तिथेच गेले. मेंदूत रक्तस्राव. तपासण्यांत तो दिसला नव्हता, दिसणारही नव्हता असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांच्या पत्नी केंद्रात आल्या. सुती साडी, हातात डबा, त्यात सगळ्यांसाठी केळी. योक पोला चपला करताना पाहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्या सरळ दीक्षापाशी आल्या.

"त्यांच्यासाठी केलेल्या चपला कुठे आहेत?"

"माझ्या घरी," दीक्षा म्हणाली. "मी लपवल्या."

"म्हणजे ते अनवाणी गेले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. दीक्षाला वाटलं त्यांनी थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

ती टॅक्सी करून घरी आली. त्या दिवशी मी जिन्यात होते. पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा, छातीशी धरलेली पिशवी, मला ओळखही न देता ती परत खाली पळाली. केंद्रात पोचली तेव्हा दोघी बायका ब्लॉकमागच्या लोखंडी पिंपापाशी उभ्या होत्या, ज्यात लोक मृतांसाठी कागदी वस्तू जाळतात. योक पोने चपला हातात घेतल्या, एका पट्ट्याची घडी पुन्हा नीट केली आणि त्या मिसेस चंद्रशेखरांकडे दिल्या. त्यांनी त्या आगीत सोडल्या.

"उशिरा गेल्या तरी पोचतात का?" दीक्षाने विचारलं.

शिऊ लिंगने विचारून सांगितलं. "ती म्हणते, त्याला थोडं थांबावं लागलं असेल."

राख उडाली तेव्हा वारा नव्हता. हे दीक्षाने नाही, शिऊ लिंगने मला सांगितलं, पुढे एकदा भेटली तेव्हा.

बारा आठवडे संपले. दोघींना चांगले गुण मिळाले. अहवालात त्यांनी बसचालकाबद्दल लिहिलं, त्या टाचेबद्दल लिहिलं. चंद्रशेखरांबद्दल एकच ओळ होती, की कार्यक्रमाला त्यांचं सहकार्य लाभलं. केंद्राने पायांचा मंगळवार चालू ठेवला आणि दीक्षा नंतरही जात राहिली. योक पोने तिचा डावा अंगठा हातात घेऊन पाहिला होता आणि पसंत केला होता. दर मंगळवारी ती शेजारी बसवून घ्यायची, आधी स्वतः दाबायची, मग दीक्षाला दाबायला लावायची. भाषा नव्हती दोघींत. शिऊ लिंग दुसऱ्या इस्पितळात नोकरीला लागली होती. नुसता अंगठा, आणि मान हो किंवा नाही.

२००६ मध्ये दीक्षाला घरोघरी जाऊन थेरपी देणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली, सेरंगून भागात. योक पोची तब्येत पुढच्या वर्षी ढासळली आणि तिला नर्सिंग होममध्ये हलवलं. ती कुणाला ओळखेनाशी झाली.

२००८ च्या फेब्रुवारीत दीक्षाने एका गुरुवारची रजा टाकली. अर्ज सहा दिवस आधी केला होता. सरिताला ती रजा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिसली. त्या तारखेवर नुसतं "रजा" लिहिलेलं. कशाची म्हणून विचारलं तर दीक्षा म्हणाली, योक पोकडे बसायचंय. गुरुवारी ती सकाळपासून तिच्या उशाशी बसली. दुपारी दोन वाजून गेल्यावर म्हातारी गेली. तिच्या पायांत जोडे होते. दीक्षाने ते आदल्या रविवारी, आईसमोर, जेवणाच्या टेबलावर बसून केले होते, आणि सरिताला वाटलं होतं पोरगी काहीतरी हस्तकला करतेय.

सरिता घाबरली ती तेव्हापासून. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या घरी वंदनेला पंधरा-वीस मंडळी जमली होती. वंदना झाल्यावर दीक्षा रिवाजाप्रमाणे मोठ्यांच्या पाया पडू लागली. दोन-तीन नमस्कार झाले आणि सरिता घाईने पुढे आली. "वाकू नको, नुसते हात जोड," ती म्हणाली. गोष्ट तोवर पसरली होतीच. सोफ्यावर बसलेल्या एका आजोबांनी पाय मागे ओढले. मग शेजारच्या बाईंनी. दीक्षा खोलीच्या मधोमध हात जोडून उभी राहिली आणि कुणी तिच्या डोळ्यांत बघेना. मी तिथे होते. माझेही पाय खुर्चीखाली गेले, ते मला नंतर कळलं.

पाहुणे गेल्यावर रावसाहेब खुर्चीत बसले, समोर स्टूल ओढलं आणि त्यावर पाय ठेवला.

"बघ," ते म्हणाले.

"अहो, कशाला?" सरिता म्हणाली.

"माझ्या पोरीला माझे पाय वर्ज्य नाहीत. बघ गं."

दीक्षा खाली बसली. अंगठा ठेवला, दाबला, उचलला. आम्ही तिघंही त्या जागेकडे बघत होतो. लहानसा खळगा पडला होता आणि तो सावकाश, अगदी सावकाश भरत होता. तिने वडिलांच्या तोंडाजवळ नाक नेलं. मग डोळे मिटून तशीच बसली, पाय धरून, एक मिनिट, दोन मिनिटं.

"काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"उद्या यार्डात जायचं नाही, पप्पा. क्लिनिकला जायचंय."

मूत्रपिंडाचा त्रास निघाला, आणि वेळेवर निघाला. रावसाहेब आता मीठ खात नाहीत, रोज गोळ्या घेतात, जिन्यात भेटले की मुलीचं कौतुक सांगतात. त्या पौर्णिमेनंतर दीक्षा स्वतःहून कुणाच्या पाया पडत नाही. सेरंगूनच्या घरांमध्ये ती म्हाताऱ्यांना कप धरायला शिकवते, बाथरूममध्ये पकडायचे दांडे बसवून घेते, आणि अधूनमधून एखाद्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवते. तिचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघतं. कधी कधी ती कुणालाच कुठे पाठवत नाही, आणि त्या दिवशी घरी आल्यावर जेवत नाही.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. मी धीर करून म्हटलं, "दीक्षा, तुला माझ्याबद्दल कधी काही..."

तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मावशी, विचारू नकोस," ती म्हणाली. "विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही."

मी विचारलं नाही. तिला चहा दिला, आणि आम्ही शिऊ लिंगच्या लग्नाबद्दल बोलत बसलो.